दुसरं आसन कोणाचं? दानीएलच्या सातव्या अध्यायातलं एक प्रकरण

सगळा वाद एका अनेकवचनाचा आहे.

हिब्रू शास्त्रातल्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारातल्या, दानीएलच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायाचं नववं वचन असं: "मी बघत होतो, तेवढ्यात आसनं टाकली गेली आणि एक पुराणपुरुष बसला." त्याची वस्त्रं बर्फासारखी पांढरी, डोक्यावरचे केस स्वच्छ लोकरीसारखे, आसन अग्निज्वालांचं, त्या आसनाला चाकं आणि चाकंही पेटलेली. पुढ्यातून आगीची नदी वाहते आहे. हजारो सेवेला आणि लाखो हात जोडून उभे.

बसला मात्र एकच. मग "आसनं" कशी? घरात एकच माणूस जेवायचा असेल तर एकच पाट मांडतात. दोन पाट दिसले की दारातून येणारा विचारतोच, अजून कोण यायचंय? यहुदी आणि ख्रिस्ती व्याख्याकार जवळजवळ दोन हजार वर्षं हेच विचारत आले आहेत. आणि प्रकरण तपासायला बसल्यावर मला असं दिसलं, की हा प्रश्न यहुदी विरुद्ध ख्रिस्ती असा सुरूच झालेला नाही. तो आधी एकाच घरातला होता. त्या पाटावर कोणीतरी जाऊन बसल्यावर मग घराच्या वाटण्या झाल्या.

आधी शब्दाबद्दल थोडं. मूळ भाषा अरामी आहे. दानीएलचं पुस्तक हिब्रूत सुरू होतं, दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात मध्येच अरामीत शिरतं आणि सातव्याच्या शेवटापर्यंत अरामीतच राहतं. मूळ शब्द आहेत "कोर्सवान रेमीव". रेमीव ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ फेकणं, टाकणं. १६११ सालच्या इंग्रजी अनुवादकांनी तो शब्दशः घेतला आणि सिंहासनं "खाली फेकली गेली" असं लिहून मोकळे झाले, म्हणजे जणू श्वापदांची राज्यं उलथली. मराठी माणूस इथे अडखळला नसता. आपण सतरंजी टाकतो, गादी टाकतो, मांडवात खुर्च्या टाकतो. टाकणं म्हणजेच मांडणं.

दर्शनात घडतं काय

बाबेलचा राजा बेलशस्सर याच्या पहिल्या वर्षी दानीएलला रात्री स्वप्न पडतं. चारी दिशांचे वारे समुद्र घुसळताहेत आणि त्यातून एकामागून एक चार श्वापदं वर येतात. पहिलं गरुडाच्या पंखांचं सिंहासारखं. दुसरं अस्वलासारखं, दातांत तीन फासळ्या धरलेलं. तिसरं चार पंख आणि चार डोकी असलेलं चित्त्यासारखं. चौथ्याला उपमाच नाही. त्याला लोखंडी दात आहेत आणि दहा शिंगं आहेत, आणि त्या शिंगांमधून एक बारकं शिंग उगवतं. त्या शिंगाला माणसाचे डोळे आहेत आणि फुशारक्या मारणारं तोंड आहे.

मग आसनं टाकली जातात, दरबार बसतो, वह्या उघडल्या जातात. चौथं श्वापद मारलं जाऊन आगीत जातं. आणि तेराव्या वचनात: "आकाशातल्या मेघांसह कोणीतरी आला, माणसाच्या लेकासारखा." त्याला पुराणपुरुषाजवळ नेलं जातं. त्याला सत्ता, मान आणि राज्य दिलं जातं, आणि ते राज्य कधी संपायचं नाही.

"बर एनाश", माणसाचा लेक. अरामीत याचा साधा अर्थ माणूस. श्वापदांच्या मालिकेनंतर माणसासारखं कोणी आलं, एवढंच. पण तो ढगांसह येतो, आणि हिब्रू शास्त्रात ढगांवरून येणं ही देवाची पद्धत आहे, माणसाची नाही. हीच पहिली गाठ.

सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे १९२९ पासून मातीच्या पाट्या सापडू लागल्या, त्यातून उगारित नगराचं वाङ्मय वर आलं. त्यात एल नावाचा पिकल्या दाढीचा म्हातारा देव आहे आणि बाल नावाचा तरुण देव आहे. बालचं बिरुद "मेघांवर स्वार होणारा". दानीएलच्या लेखकाने त्या पाट्या वाचल्या असण्याचा प्रश्नच नाही, त्या त्याच्याआधी हजारभर वर्षं गाडल्या गेल्या होत्या. पण चित्रं गाडली जात नाहीत. म्हातारा बसलेला आणि तरुण मेघांवरून येणारा, ही जोडी त्या भूमीच्या आठवणीत होती असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. एकच देव मानणाऱ्या लेखकाच्या हातात दोघांचं चित्र आलं. त्याने ते वापरलं, आणि पुढच्यांच्या गळ्यात लोढणं बांधलं.

काळाबद्दल थोडक्यात. गोष्ट बाबेलच्या राजवटीत घडते, पण आजचे बहुतेक अभ्यासक हा अध्याय इ.स.पू. दुसऱ्या शतकातला मानतात. अँटायोकस चौथा या ग्रीक राजाने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात परकी पूजा बसवली, सुंता आणि शब्बाथ यांवर बंदी घातली. बारकं शिंग म्हणजे तोच. हे पहिल्यांदा ठासून सांगितलं ते तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी नावाच्या ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञाने. जेरोम या ख्रिस्ती भाष्यकाराने ४०७ साली दानीएलवर भाष्य लिहिताना त्याच्याशी पानोपानी भांडण केलं, आणि गंमत अशी की पॉर्फिरीचे मुद्दे आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यतः जेरोमच्या त्या भाष्यामुळेच.

एक पान, तीन रब्बी

आता प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद. बाबिलोनी तालमूद, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मपंडितांच्या) वादचर्चांचा मोठा ग्रंथ, त्यातल्या हगिगा या भागातलं चौदावं पान.

या पानाची रीत अशी की शास्त्रातली दोन वचनं समोरासमोर उभी करायची, ती एकमेकांशी भांडताहेत असं दाखवायचं आणि मग समेट घडवायचा. एके ठिकाणी देवाचे केस पांढऱ्या लोकरीसारखे, तर गीतरत्न या शास्त्रातल्या प्रेमगीतात प्रियकराचे, म्हणजे रब्बींच्या वाचनात देवाचेच, केस कावळ्यासारखे काळे. हे कसं? उत्तर: अडचण नाही. एक न्यायासनावरचं रूप, दुसरं रणांगणावरचं. न्यायाला म्हाताऱ्यासारखा कोणी नाही आणि लढाईला तरुणासारखा कोणी नाही.

लगेच पुढची जोडी. एके ठिकाणी "त्याचं आसन" असं एकवचन, दुसरीकडे "आसनं" असं अनेकवचन. आणि दोन्ही दानीएलच्या त्याच नवव्या वचनात! उत्तर: अडचण नाही. एक त्याच्यासाठी आणि एक दाविदासाठी. असं म्हणणारे रब्बी अकिवा.

दाविदासाठी म्हणजे दावीद राजाच्या वंशातल्या मशीहासाठी, देव पाठवणार त्या तारणाऱ्या राजासाठी. म्हणजे स्वर्गात देवाच्या शेजारी एका मानवी राजाची खुर्ची. हे बोलणारा माणूस कोणी फुटकळ नव्हता. ज्याच्या नावाने निम्मा तोंडी कायदा सांगितला जातो तो हा अकिवा.

रब्बी योसे गलीलकर कडाडले: "अकिवा! शेखिनेला कुठवर बाटवणार आहेस? एक न्यायासाठी, एक दयेसाठी." शेखिना म्हणजे देवाचं सान्निध्य. म्हणजे आसनं दोन, पण बसणारा तोच. कधी या खुर्चीवरून निवाडा देतो, कधी त्या खुर्चीवरून माफी. तालमूद विचारतं, अकिवाने हे ऐकून घेतलं का? आणि दुसरी परंपरा पुढे करतं, जिच्यात हेच उत्तर अकिवाच्याच तोंडी आहे. म्हणजे ऐकलं म्हणायचं.

तरीही रब्बी एलाझार बेन अझार्‍या यांचं समाधान होत नाही. ते म्हणतात: "अकिवा, तुझा आणि अग्गदेचा काय संबंध? हे बोलणं पुरे कर आणि आपल्या डागांकडे नि तंबूंकडे जा." डाग म्हणजे अंगावर उठणारे महारोगाचे चट्टे आणि तंबू म्हणजे ज्या छताखाली प्रेत आहे तिथला विटाळ, आपल्या सुतकासारखा. हे दोन्ही कायद्याचे सर्वांत किचकट भाग आणि अकिवाचा त्यात हातखंडा. अग्गदेच्या, म्हणजे कथा-कल्पनांच्या, वाटेला जाऊ नकोस, तुझं सुतकाचं शास्त्र बरं, असा हा टोला. मग त्यांचं स्वतःचं उत्तर: एक बसायला आसन, एक पाय ठेवायला चौरंग. यशया म्हणतोच ना, आकाश माझं आसन आणि पृथ्वी माझं पादपीठ.

मला या तिघांच्या क्रमात एक गोष्ट दिसते. प्रत्येक उत्तरात दुसरी खुर्ची बुटकी होत जाते. अकिवाकडे तिच्यावर माणूस बसतो. योसेंकडे माणूस उठतो, खुर्ची राहते. एलाझारांकडे खुर्चीचाच चौरंग होतो. धोका कळत गेला तसं लाकूड तासत आणलेलं आहे.

अकिवाचं आणखी एक मत इथे आठवायलाच हवं, कारण त्याची कल्पना नुसती स्वर्गातली नव्हती. इ.स. १३२ मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध उठाव केला तेव्हा त्याच्याकडे पाहून "हाच मशीहा राजा" असं म्हणणारा अकिवाच. यरुशलेमी तालमूदमध्ये योहानान बेन तोर्ता त्याला ऐकवतो: "अकिवा, तुझ्या गालफडांतून गवत उगवेल आणि तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल." १३५ मध्ये उठाव चिरडला गेला. अकिवाला रोमनांनी लोखंडी फण्यांनी सोलून मारलं, असं तालमूद सांगतं.

खुर्चीवर कोणीतरी बसल्यावर

योसे आणि एलाझार एवढे का चिडले, हे कळायला यरुशलेमच्या प्रमुख याजकाच्या वाड्यात जावं लागतं.

मार्कच्या शुभवर्तमानातला चौदावा अध्याय. येशूवरच्या साक्षी जुळत नाहीयेत. प्रमुख याजक सरळ विचारतो, तू मशीहा आहेस का? येशू म्हणतो, "मी आहे, आणि तुम्ही मनुष्याच्या पुत्राला सामर्थ्याच्या उजवीकडे बसलेलं आणि आकाशातल्या मेघांसह येताना पाहाल." याजक अंगावरची वस्त्रं फाडतो. आता साक्षीदार कशाला हवेत?

हे वाक्य जवळून बघा. "मेघांसह येणारा मनुष्याचा पुत्र" दानीएलमधला. पण "उजवीकडे बसलेला"? दानीएलमध्ये माणसाचा लेक येतो, जवळ नेला जातो, राज्य घेतो. तो बसला असं कुठेही लिहिलेलं नाही. बसणं येतं स्तोत्र ११० मधून: "परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो, माझ्या उजवीकडे बस." दोन धागे एकत्र वळले की दानीएलच्या त्या रिकाम्या अनेकवचनात माणूस नेमका बसतो. हे वळण ख्रिस्ती वाचनाचा कणा आहे. मात्र कौशल्य यहुदीच आहे. शास्त्रातली दोन लांबची वचनं जवळ आणून एकाने दुसऱ्याचं कुलूप उघडायचं, हेच तर हगिगाच्या पानावर चाललं होतं.

पुढे प्रेषितांच्या कृत्यांत दगडांचा मारा खाण्याआधी स्तेफन हा येशूचा अनुयायी स्वर्ग उघडलेला पाहतो, आणि त्याला मनुष्याचा पुत्र देवाच्या उजवीकडे उभा दिसतो, बसलेला नाही. का उभा, यावर धर्मोपदेशकांनी पुष्कळ लिहिलंय. आपल्या साक्षीदाराला घ्यायला तो उठला, हे त्यातलं सगळ्यात मायेचं उत्तर.

नव्या करारातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मात्र भिंतच पडते. योहानाला "मनुष्याच्या पुत्रासारखा" कोणी दिसतो आणि त्याचे केस पांढऱ्या लोकरीसारखे, बर्फासारखे आहेत. हे केस दानीएलमध्ये कोणाचे होते? पुराणपुरुषाचे! तरुणाच्या डोक्यावर म्हाताऱ्याचे केस आले. दोन आसनांवरचे दोघे एका चेहऱ्यात विरघळले.

यात एका अक्षराचाही हात असू शकतो. दानीएलचा जुना ग्रीक अनुवाद पुढे चर्चने बाजूला ठेवला आणि थिओडोशनच्या नावाचा दुसरा अनुवाद स्वीकारला. जेरोम म्हणतो की असं का झालं ते त्यालाही ठाऊक नाही. थिओडोशनच्या पाठात माणसाचा लेक पुराणपुरुषा"पर्यंत" आला, ग्रीकमध्ये "हेओस". जुना पाठ फार थोड्या प्रतींत उरला. त्यातली एक, ९६७ क्रमांकाचा पपायरस, १९३१ मध्ये इजिप्तमधून बाहेर आली. तिथे शब्द आहे "होस", म्हणजे "सारखा". माणसाचा लेक पुराणपुरुषासारखा आला! नकलणाऱ्याचा हात घसरला, की कोणी जाणूनबुजून असं वाचलं, यावर अजून एकमत नाही. मला हात घसरल्याची शक्यता जास्त वाटते. पण घसरलेल्या हातानेही वाट पडते.

ट्रायफोचा आक्षेप आणि गाढव

नाब्लुसजवळचा, ग्रीक तत्त्वज्ञानाच्या बऱ्याच शाळा फिरून ख्रिस्ती झालेला जस्टिन दुसऱ्या शतकाच्या मध्यावर एक संवाद लिहितो. समोर ट्रायफो नावाचा यहुदी, बार कोखबाच्या युद्धातून निसटून आलेला. ट्रायफो खरा की लेखणीतून उतरलेला, हा प्रश्न बाजूला ठेवू. जस्टिन दानीएलचा सातवा अध्याय जवळजवळ आख्खा वाचून दाखवतो. ट्रायफो उत्तर देतो, आणि ते उत्तर जस्टिननेच लिहिलेलं असूनही ताकदीचं आहे. तो म्हणतो, हो, या शास्त्रवचनांमुळेच तर आम्ही पुराणपुरुषाकडून राज्य घेणाऱ्या एका वैभवशाली, थोर मशीहाची वाट पाहतो. पण तुमचा हा ख्रिस्त तर हीनदीन होता. इतका, की नियमशास्त्रातला शेवटचा शापही त्याला लागला, तो खांबावर मेला.

लक्षात घ्या, ट्रायफो असं म्हणत नाही की मेघांवरचा तो मशीहा नाही. ते त्याला मान्य आहे. वाद आसनाबद्दल नाही, बसणाऱ्याच्या ओळखीबद्दल आहे.

जस्टिनचं उत्तर: येणं दोनदा आहे. पहिलं अपमानाचं, दुसरं मेघांवरचं.

आता तालमूदच्याच सनहेद्रिन या भागाचं अठ्ठ्याण्णवावं पान उघडलं की गंमत होते. रब्बी यहोशुआ बेन लेवी हीच गाठ घेतात. दानीएल म्हणतो मशीहा मेघांसह येणार, जखऱ्या म्हणतो गरीब होऊन गाढवावर बसून येणार. खरं काय? त्यांचं उत्तर: लोक लायक असतील तर मेघांवर, नसतील तर गाढवावर.

गाठ तीच, वचनं तीच. ख्रिस्ती उत्तर गाढव आणि मेघ एकापाठोपाठ लावतं. रब्बिनी उत्तर दोन्ही वाटा उघड्या ठेवून आपल्या वागण्यावर सोडतं. एकात मशीहाचं येणं निम्मं होऊन गेलंय, दुसऱ्यात अजून काहीच ठरलेलं नाही. दोन धर्मांच्या काळाच्या जाणिवेतला फरक मला कुठल्याही मोठ्या सिद्धांतापेक्षा या दोन उत्तरांत जास्त चोख दिसतो.

त्याच पानावर इराणचा राजा शापूर शमुएल या रब्बीला चिडवतो: तुमचा मशीहा गाढवावरून येतो म्हणता, मी त्याला माझा चांगला घोडा पाठवू का? शमुएल विचारतो, शंभर रंगांचा घोडा आहे का तुमच्याकडे?

मध्ययुगातही धागा तुटलेला नाही. अकराव्या शतकात राशी हा यहुदी भाष्यकार दानीएलच्या तेराव्या वचनावर सरळ लिहितो की माणसाचा लेक म्हणजे मशीहा राजा. तेव्हा "यहुदी म्हणतात तो समाज आहे आणि ख्रिस्ती म्हणतात ती व्यक्ती आहे" अशी जी सोपी वाटणी वाचायला मिळते, ती कच्ची आहे.

मेटाट्रॉनला साठ फटके

खुर्ची तासून चौरंग केला तरी प्रश्न मेला नव्हता, याचा पुरावा पुन्हा हगिगातच, एक पान उलटल्यावर मिळतो.

चौघे जण "पर्देस"मध्ये, म्हणजे स्वर्गीय बागेत शिरले. अकिवा सुखरूप आत गेला आणि सुखरूप परतला. एलीशा बेन अबुया मात्र बिघडला, इतका की पुढे त्याचं नावही घेत नाहीत, "अहेर", म्हणजे दुसराच कोणी, असं म्हणतात. बाबिलोनी तालमूदप्रमाणे त्याने काय पाहिलं? मेटाट्रॉन नावाचा देवदूत बसलेला पाहिला. इस्राएलची पुण्यं लिहून ठेवायला त्याला बसायची परवानगी मिळाली होती. अहेर म्हणाला, आम्ही तर शिकलो होतो की वर कोणी बसत नाही. म्हणजे, देव न करो, दोन सत्ता आहेत की काय?

झालं. मेटाट्रॉनला बाहेर काढून अग्नीचे साठ फटके दिले. का, तर त्याला आलेला बघून तू उठला का नाहीस?

बिचारा कारकून. लिहायला बसला होता. पण स्वर्गाच्या दरबारात कोण उभा आणि कोण बसलेला, यावर अख्खं एकेश्वरवादाचं गणित उभं आहे. हे आपल्याला उमगायला जड जाऊ नये. पेशव्यांच्या दरबारात कोणाला बैठकीचा मान आणि कोणी उभं राहायचं, यावरून घराणी दुखावली जात होतीच की.

हा मेटाट्रॉन म्हणजे कोण, तर पुढच्या गूढ ग्रंथांत तो हनोख आहे, उत्पत्तीच्या पुस्तकातला, मरण न येता देवाने उचलून नेलेला माणूस. आणि त्याही आधीचं हनोखच्या नावावरचं एक पुस्तक आहे, जे आज पूर्ण स्वरूपात फक्त इथिओपियाच्या गेएझ भाषेत टिकलं. त्याच्या "दाखल्यांच्या" भागात "मनुष्याचा पुत्र" वैभवाच्या आसनावर बसून राजांचा न्याय करतो, आणि शेवटी हनोखलाच सांगितलं जातं की तो मनुष्याचा पुत्र तूच. येशूचं नाव त्यात कुठेच नाही. म्हणजे दुसऱ्या आसनावर बसवायला माणूस शोधणं हा उद्योग ख्रिस्ती लोकांपुरता नव्हता.

ॲलन सेगल यांनी १९७७ मध्ये "स्वर्गात दोन सत्ता" या रब्बिनी आरोपाची चिकित्सा केली, तेव्हापासून हे चित्र अभ्यासकांत रुळलं. डॅनियल बोयारिन हे स्वतः धर्मनिष्ठ यहुदी आणि तालमूदचे जाणकार. ते तर म्हणतात की देवाच्या शेजारी दुसरी दैवी व्यक्ती ही कल्पना ख्रिस्ती लोकांनी बाहेरून आणलेलीच नाही. मी इतकं ताणणार नाही. अकिवाचा दावीद खुर्चीवर बसतो, पण त्याची पूजा होत नाही. निकियाच्या श्रद्धावचनात, म्हणजे चर्चच्या अधिकृत श्रद्धाकबुलीत, ३८१ च्या रूपात, पुत्र पित्याच्या उजवीकडे बसतो, "त्याच्या राज्याला अंत नाही" हा दानीएलचा नाद तिथे येतो, आणि तो पित्याशी एकतत्त्व आहे असंही येतं. खुर्ची एकाच सुताराची असेल, पण तिच्यापुढे टेकलेला गुडघा वेगळा.

चित्रकारांनी तर आणखी घोळ घातला. पश्चिमेकडच्या चर्चमधला पांढऱ्या दाढीचा देवपिता या नवव्या वचनातून आलेला. पूर्वेकडे पुष्कळ ठिकाणी पुराणपुरुष म्हणजेच ख्रिस्त मानतात. आणि यहुदी बाजूला दहाव्या शतकात सादिया गाओन या रब्बीने चित्राचंच मूळ कापलं: संदेष्ट्यांना सिंहासनावर दिसणारं रूप देवाचं नव्हेच, ते देवाने निर्माण केलेलं तेज आहे.

मुंबईत, मराठीतून

या प्रकरणाचा एक छोटा फाटा आपल्याकडे येतो. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, बेने इस्राएल मुलांसाठी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून "शनवार तेली" म्हटले गेलेले हे लोक. त्यांना त्यांच्याच शास्त्राची भाषा ख्रिस्ती शिक्षकाने मराठीतून शिकवली. शिक्षकाचा हेतू उघड होता: ही वचनं एकदा मुळातून वाचली की त्यांतला येशू दिसेलच. मुलं भाषा शिकली, ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. व्याकरण घेतलं, व्याख्या घेतली नाही. ट्रायफोला याचं आश्चर्य वाटलं नसतं.

मराठीत या सगळ्याला एक शब्द आहे जो दोन्ही बाजूंना वापरता येतो. देव स्वप्नात येऊन "दृष्टान्त देतो", म्हणजे प्रत्यक्ष दिसतो. आणि कीर्तनकार मुद्दा पटवायला "दृष्टान्त देतो", म्हणजे दाखला. अकिवा आणि योहान दानीएलचं दर्शन पहिल्या अर्थाने वाचतात, एलाझार आणि सादिया दुसऱ्या अर्थाकडे ओढतात. ही रेघ दोन धर्मांच्या मधून जात नाही. दोन्ही धर्मांच्या आतून जाते.

देवदूत काय म्हणाला

शेवटी एक साक्षीदार उरतो. दोन्ही बाजू त्याला घाईघाईने ओलांडून जातात.

स्वप्नातच दानीएल गांगरतो आणि जवळ उभ्या असलेल्या एकाला विचारतो, याचा अर्थ काय? तो सांगतो: चार श्वापदं म्हणजे चार राजे. पण राज्य मिळेल ते "परात्पराच्या पवित्रांना". सत्ताविसाव्या वचनात पुन्हा: राज्य "परात्पराच्या पवित्र लोकांना" दिलं जाईल. माणसाच्या लेकाला जे मिळालं तेच शब्द, पण घेणारे अनेक. म्हणून बरेचसे आधुनिक वाचक म्हणतात की श्वापदं ही साम्राज्यं, तर माणूस म्हणजे छळ सोसणारं इस्राएल. काही जण म्हणतात "पवित्र" म्हणजे देवदूत, आणि मेघांवरचा तो त्यांचा सरदार मीखाएल, जो याच पुस्तकात पुढे इस्राएलच्या बाजूने उभा राहतो. मला मीखाएलचं पारडं किंचित जड वाटतं, कारण अँटायोकसच्या काळात पिचलेल्या माणसाला आपली लढाई वर कोणीतरी लढतंय हे ऐकायचं असणार.

पण देवदूताच्या उत्तरात माणसाच्या लेकाचा उल्लेखच नाही. आसनांचाही नाही. दानीएल दुसऱ्यांदा विचारतो तेही चौथ्या श्वापदाबद्दल, लोखंडी दातांबद्दल, त्या बोलक्या शिंगाबद्दल. ज्याच्या पाठीवर आसूड पडतोय तो आसुडाबद्दल विचारतो, खुर्च्या मोजत बसत नाही. देवदूत शिंगाची मुदत सांगतो: एक काळ, दोन काळ आणि अर्धा काळ.

अध्यायाचं शेवटचं वचन असं: दानीएलच्या चेहऱ्याचा रंग उतरला, आणि त्याने ती गोष्ट मनातच ठेवली. इथे अरामी संपते. आठवा अध्याय हिब्रूत सुरू होतो, त्यात मेंढा आहे, बकरा आहे, आसन एकही नाही.